सात नंबर अजून जिवंत आहे

१

सात नंबर गेला, आणि गेला तो माझ्या पिंजऱ्यातून. एकोणीस वर्षांत माझ्या ताब्यातून साधी वायर हरवलेली नाही. कोणी मला खडूस म्हणतं, कोणी जेलर म्हणतं, म्हणू देत. पण त्या शुक्रवारी सकाळी आठला मी कुलूप काढलं, तर सहा आणि आठच्या मधला कप्पा रिकामा.

पिंजरा म्हणजे आमची जाळीची खोली. आमची कंपनी मोबाइलची सेवा विकते. नवा फोन दुकानात जायच्या आधी ओव्हरलँड पार्क शहरातल्या या इमारतीत येतो आणि आमची माणसं त्याला पार पिळून काढतात. ते नमुन्याचे फोन सांभाळायचे, वहीत सही घेऊन द्यायचे, परत आले की सहीपुढे बरोबरची खूण करायची, हे माझं काम. खूण नसेल तर फोन अजून तुझ्याकडेच आहे असं धरायचं. नियम मीच केलाय आणि त्यावरून मी भल्याभल्यांना झापलंय.

मी वही उघडली. सात नंबर, गुरुवार, दुपारी तीन, सही चाचणी करणाऱ्या वेंडेल प्रुइटची. पुढे खूण नाही.

"नॅडीन, नॅडीन," मी स्वतःलाच म्हटलं, "काय करून बसलीस हे!"

वेंडेलने फोन परत केला होता. बरोबर चारला, पूर्ण चार्ज करून. त्याने तो कप्प्यात ठेवताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याच वेळी एक सामानवाला चार खोकी घेऊन आला, पत्ता चुकीचा, त्याच्याशी माझी हुज्जत चालली होती, आणि खूण राहून गेली. एकोणीस वर्षांत एकदा, आणि ती नेमकी त्या दिवशी.

सात नंबर म्हणजे पोर्टा. अर्धा फोन, अर्धा खिशातला संगणक, खाली बोटाच्या पेराएवढ्या कळा. कॅलिफोर्नियातल्या चाळीस माणसांच्या एका कंपनीने तो बनवला होता. नमुने दहा पाठवले आणि चार्जर तीन, तेही असल्या विचित्र तोंडाचे की दुसरं कशाचं बसेल तर शपथ. एक चार्जर मी टेबलाला साखळीने बांधला होता. दुसरा त्या कंपनीने पाठवलेल्या पोरीकडे, मारिसोलकडे होता. तिसरा आमच्या साहेबाने, ग्लेन ओस्टरमनने, मंगळवारी "आत्ता देतो" म्हणून नेला होता. साहेब लोकांचं "आत्ता" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि पोर्टामध्ये ब्लूटूथ होतं. दोन हजार चार सालची गोष्ट ही. वरच्या मजल्यावर ब्लूटूथचं नाव काढलं की लोकांना ठसका लागायचा.

सव्वाआठला क्रेग लिंडक्विस्ट खाली आला. वही वाचली. मला वाटलं ओरडेल, पण तो हसला.

"वेंडेल प्रुइट," तो म्हणाला. "पाचच्या आत याचा निकाल लावतो."

२

क्रेग म्हणजे फोनवरून चित्रं पाठवायच्या सेवेचा मुख्य. एक चित्र पाठवलं की गिऱ्हाइकाला पंचवीस सेंट. त्याचं म्हणणं सरळ होतं: ब्लूटूथ दिलं की लोक फोनमधली चित्रं घरच्या संगणकावर फुकटात उतरवतील, फोनला संगणक जोडून इंटरनेट चालवतील, आणि आपण बसू माश्या मारत. चूक नव्हतं ते. पण माणूस बरोबर बोलतो म्हणून आवडलाच पाहिजे असं कुठे आहे?

झालं होतं असं. उपाध्यक्ष हॅलोरन मॅडमनी ठरवलं होतं की ब्लूटूथच्या हेडसेटवरून चाळीस कॉल करा, सगळे रेकॉर्ड करा. एकही तुटला तर ब्लूटूथ बाद. चाळीसच्या चाळीस टिकले तर विचार करू. वेंडेलने बुधवारी कॉल केले. अहवाल आला: चाळीसपैकी चाळीस. शुक्रवारी दहाला क्रेग आणि मारिसोल दोघांच्या समोर रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घ्यायची, म्हणजे मागून कोणी कोणावर बोट दाखवायला नको. पाचला मॅडमची सही.

आता फोनच नाही म्हटल्यावर ऐकायचं काय?

"स्पष्ट आहे," क्रेग सगळ्यांसमोर म्हणाला. "याने कॉल केलेच नाहीत. कागदावर चाळीस आकडे लिहिले, आणि आज पकडला जाईन म्हणून फोनच गायब केला. खोटा अहवाल आणि वर चोरी. घरी पाठवा."

वेंडेल माझ्या टेबलासमोर उभा होता. बावन्न वर्षांचा, ताडमाड उंच, आणि उंचीची लाज वाटल्यासारखा कायम वाकलेला. तो वहीतली आपली सही बघत राहिला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

त्याची नोकरी गेली तर काय जाणार होतं ते मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचा, अल्माचा, मज्जातंतूंचा आजार. आठवड्याला एक इंजेक्शन, आणि ते कंपनीच्या आरोग्यविम्यातून. नोकरी गेली की विमा गेला, आणि तो आजार असलेल्या बाईला नवा विमा कोण देतो? गेल्या चार वर्षांत तिचे हात गेलेत. चमचा धरवतो, पण फोनचा रिसीव्हर मिनिटभरही पेलवत नाही. दर रविवारी नेब्रास्काहून तिच्या बहिणीचा फोन येतो आणि वेंडेल तिच्या कानाला रिसीव्हर धरून तासभर उभा राहतो.

"सगळ्यात वाईट काय माहितेय?" तो एकदा हसत म्हणाला होता. "त्या दोघींना माझ्याबद्दल बोलायचं असतं, आणि मी तिथेच!"

त्याने फोन परत ठेवताना मी पाहिलं असं सांगितलं, तर क्रेगने वहीच पुढे केली: खूण कुठे आहे? खूण मी विसरले होते. म्हणजे त्याच्या गळ्यात फास घातला तो मीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझा.

"पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना?" मी क्रेगला म्हटलं. "मग मी शोधते."

"तू?" तो म्हणाला. "तू तर त्याची मैत्रीण."

"मैत्रीण आहे म्हणूनच. तुझी असते तर शोधला नसता."

३

गुरुवारी चार ते साडेचार, एवढ्या अर्ध्या तासात पिंजऱ्यात चार माणसं आली होती. वेंडेल ठेवून गेला. क्रेग आणि मारिसोल नमुने बघायला आत होते. ग्लेन त्यांना कॉफीला बोलवायला आला. साडेचारला मी कुलूप घातलं. म्हणजे चौघांपैकी एक.

आधी मी क्रेगला धरला. त्याच्या खोलीत गेले तर तो डब्यातलं ब्रिस्केटचं भाजलेलं मांस खात होता.

"झडती घे," तो म्हणाला आणि खण उघडून दाखवले. "नॅडीन, मला फोन चोरायची गरजच काय? कॉल तुटलेले असणारच. ऐकले की मी आपोआप जिंकतो. न ऐकताही जिंकतोय म्हणा."

"आणि तुटलेले नसतील तर?"

"तर मात्र फोन हरवला ते बरंच झालं," तो म्हणाला. बोट चाटत म्हणाला, पण खरं बोलला. माझ्या मनात त्याच्या नावापुढे संशयाची फुली पडली.

मारिसोल एस्क्विव्हेल माझ्या टेबलापाशीच बसून होती, सकाळपासून. सव्वीस-सत्तावीसची पोर, डोळे सुजलेले. तिचा स्वतःचा पोर्टा तिच्या चार्जरला लावलेला, भिंतीशी.

"नॅडीनबाई, मी कशाला चोरीन?" ती म्हणाली. "चाळीस कॉल टिकले ही आमच्यासाठी लॉटरी आहे. बॅटरी मेली की सगळं संपलं."

"म्हणजे?"

"पोर्टाची बॅटरी पूर्ण उतरली की त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. पत्ते, टिपणं, रेकॉर्डिंग, सगळं. आम्ही पुढच्या वेळी सुधारणार आहोत ते."

"आणि बॅटरी किती टिकते?"

"ब्लूटूथ चालू असेल तर वीस तास. त्याच्यावर एक मिनिट नाही. मी स्वतः मोजलंय." तिने घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते. "काल चारला पूर्ण भरलेला होता. म्हणजे बाराला सगळं पुसलं जाणार."

चोराला काही फोडायची, पुरायची गरज नव्हती तर. नुसतं खणात ठेवायचं आणि वाट बघायची. इतका आळशी खून मी ऐकला नव्हता.

मग मी वेंडेलकडे गेले. तो जिन्याखाली बसला होता, डबा न उघडता.

"बुधवारी काय काय केलंस ते सांग," मी म्हटलं. "नऊला फोन नेलास, तीनला आणलास. कुठे होतास?"

"तांब्याच्या खोलीत. नेहमीसारखा."

तांब्याची खोली म्हणजे आमची चाचणीची खोली, सगळीकडून तांब्याने मढवलेली. दार लावलं की बाहेरची एकही लहर आत येत नाही. मोबाइलचा टॉवरसुद्धा आम्हीच आत खोटा उभा करतो.

"सगळे कॉल टिकले?"

"चाळीसही. म्हणजे सत्ताविसावा पुन्हा करावा लागणार असं वाटलं होतं, भोंगा वाजायला लागला ना मध्येच. अकराचा. पण आवाज स्वच्छ आला, मग ठेवला तोच."

"आणि काल?"

"काल तीनला अहवाल घेऊन ग्लेनकडे गेलो. फोन त्याच्या टेबलावर होता. मी कागद छापून आणले, त्याने सही केली. चारला तुझ्याकडे आणून ठेवला. देवाशप्पथ."

"शपथ कशाला घेतोस? मी पाहिलंय," मी म्हटलं. "अल्माला सांगितलंस का?"

त्याने मान हलवली. "काय सांगू? तिला वाटेल तिच्यामुळे..." एवढं बोलून त्याने डबा उघडला आणि त्यातलं सँडविच माझ्यापुढे केलं. मी अर्धं खाल्लं. तिच्यामुळे म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

४

दुपारचे दोन वाजायला आले. मारिसोल आपल्या पोर्टावर काहीतरी करत होती. पडद्यावर नावांची एक छोटी यादी आली आणि गेली.

"हे काय?"

"सवय," ती म्हणाली. "आजूबाजूला ब्लूटूथवालं काही असलं की त्याचं नाव दिसतं. तीसेक फुटांत. सकाळपासून दहा वेळा पाहिलं. इथे नाही."

"सात नंबरचं नाव काय?"

"मेडोलार्क. वेंडेल प्रत्येक नमुन्याला पक्ष्याचं नाव देतो. चिकटवलेला आकडा निघून येतो म्हणून."

हे मला माहीत होतं. अल्मा खिडकीत बसून पक्षी मोजते, त्यातली नावं.

"मग इथे बसून काय बघतेस? चल, फिरू या."

"बाई, दोन तास होऊन गेलेत. तो मेला असेल."

"चालायला काय पैसे पडतात? ऊठ!"

आम्ही निघालो. मी पुढे, ती हातात फोन घेऊन मागे. तळमजला, काही नाही. गोदाम, काही नाही. टपालाच्या खोलीत कोणाचा तरी हेडसेट दिसला, बस. पहिला मजला पालथा घातला. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात कॉफीचं भांडं असतं. तिथे मारिसोल अशी थबकली की मी तिच्यावर आदळले.

पडद्यावर एकच नाव होतं. मेडोलार्क.

"अशक्य," ती कुजबुजली. "बाई, हे अशक्य आहे. बावीस तास झाले."

कोपऱ्याला लागून तीन दारं होती. डावीकडे क्रेग. उजवीकडे ग्लेन. मध्ये बैठकीची खोली, आणि ती आठवडाभर रंगासाठी रिकामी केलेली.

"पण चोराने ब्लूटूथ बंद का नाही केलं?" मी विचारलं. "मी चोर असते तर आधी ते केलं असतं."

मारिसोलला हसू आलं, रडता रडता. "बंद करणार कसं? ते बटणच नाहीये पडद्यावर. तुमच्या कंपनीने आम्हाला काढायला लावलं! गिऱ्हाइकाला ते दिसताच कामा नये म्हणून. चालू-बंद करायला एक गुप्त आकडा मारावा लागतो. तो मला ठाऊक आणि चाचणी करणाऱ्यांना. तुमच्या साहेबांना कोणालाच नाही. बॅटरीसुद्धा स्क्रूने बंद."

घ्या. यांनीच बटण लपवलं, आणि यांच्यातल्याच चोराला ते सापडेना. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

क्रेगच्या दाराकडे बघत मारिसोल म्हणाली, "तोच. चला, दार ठोठावू."

"थांब," मी म्हटलं. "आधी दोन मिनिटं डोकं चालवू. बावीस तास झाले म्हणालीस ना?"

५

मी कॉफी ओतून घेतली. पाणचट होती, नेहमीसारखी.

वीस तास चालणारा फोन बाविसाव्या तासाला जिवंत. म्हणजे त्याला कोणीतरी चार्ज केलंय. क्रेगने चोरला असता तर? त्याला रेकॉर्डिंग मेलेली हवी होती. त्याने खणात टाकून बाराचे ठोके मोजले असते. इथे मात्र कोणीतरी फोन लपवतोय आणि त्याला खायलाही घालतोय. अशा चोराला काय म्हणायचं?

चार्जर तीन. एक माझ्या टेबलाला साखळीने बांधलेला. दुसरा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर मारिसोलच्या फोनला. उरला तिसरा, "आत्ता देतो"वाला.

"ग्लेन?" मारिसोल म्हणाली. "पण तो तर वेंडेलचा मित्र! मग तो गप्प का बसलाय?"

तिथेच मी अडले. ग्लेन ओस्टरमन आणि वेंडेल एकाच दिवशी कामाला लागले. ग्लेन साहेब झाला तेव्हा केक वेंडेलने आणला. क्रेग वेंडेलला चोर म्हणत होता तेव्हा ग्लेन भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. रेकॉर्डिंग जगावी, पण कोणी ऐकू नये. असं त्याला का वाटावं? रेकॉर्डिंगमध्ये असं काय आहे?

आणि मग मला तो भोंगा आठवला.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी अकराला इथे वादळाचा भोंगा वाजवून बघतात. गावातलं कुत्रंसुद्धा ओरडायला लागतं. सगळ्यांना ऐकू येतो. तांब्याच्या खोलीतल्या माणसाला मात्र नाही. तिथे आगीची घंटाही ऐकू येत नाही, म्हणून आत लाल दिवा लावलाय. वेंडेलने सत्ताविसाव्या कॉलमध्ये भोंगा ऐकला, म्हणजे वेंडेल त्या खोलीत नव्हता. इमारतीतच नव्हता.

खरं सांगू? मला ते आधीच माहीत असायला हवं होतं. बुधवारी नऊला फोन आणि हेडसेट घेऊन तो डावीकडे, खोलीकडे वळला नाही. उजवीकडे वळला, गाड्या लावतात तिकडे. मी पाहिलं. मी लिहिते ते खरं लिहिते, पण पाहते ते सगळंच लिहीत नाही. आणि तीनला हेडसेट परत आला तेव्हा त्याची कानाची कडी आत वाकवलेली होती, लहानशा कानासाठी. मी ती सरळ केली आणि ठेवून दिली.

नमुना इमारतीबाहेर नेला की हकालपट्टी. पान पहिलं, नियम पहिला.

मी ग्लेनचं दार उघडलं. ठोठावलं नाही.

"ग्लेन, माझा चार्जर दे," मी म्हटलं. "आणि त्याला जे लावलंय तेही."

६

तो उठला नाही. खालचा खण उघडला. टॉवेलखाली सात नंबर होता, चार्जरची वायर खणाच्या मागून भिंतीत गेलेली.

"काल वेंडेल कागद छापायला गेला तेव्हा मी एक रेकॉर्डिंग लावून पाहिली," तो म्हणाला. "सत्ताविसावी. नॅडीन, त्यात अल्माचा आवाज आहे. मागे भोंगा. दहा वाजता क्रेगने हे ऐकलं असतं आणि अकराला वेंडेल रस्त्यावर असता."

"म्हणून तू चोरलास?"

"मला वाटलं, एक नमुना हरवला तर काय होईल? तुला बोलणी बसतील. तुला तर दर आठवड्याला बसतात."

"आभारी आहे!"

"मला काय माहीत तू खूण विसरशील? तू कधी विसरत नाहीस!" त्याने चेहरा हातांत धरला. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच. फोन काढला तर घरी नेला म्हणून वेंडेल जाणार, नाही काढला तर चोर म्हणून. सकाळपासून इथे बसलोय. पुसून टाकायला हात होईना गं. चाळीस कॉल. इतकं स्वच्छ काम आपल्या खोलीत कधी झालं नाही."

मारिसोल दारात उभी राहून ऐकत होती. मी वेंडेलला बोलावलं. तो आला, खणाकडे पाहिलं, ग्लेनकडे पाहिलं आणि खुर्चीत बसला.

"गाढवा," मी म्हटलं, "घरी कशाला नेलास?"

"तिला एकदा वापरून बघू दे म्हटलं," वेंडेल म्हणाला. "कानात अडकवायचं, हात लावायचाच नाही. एकच कॉल करणार होतो, मग परत येणार होतो. तिने एक केला. मग म्हणाली, अजून एक. कळा मी दाबत होतो, नाही असं नाही. पण बोलत ती एकटी होती, आणि मी खोलीच्या पलीकडे जाऊन आकडे लिहीत होतो. चार वर्षांत पहिल्यांदा, नॅडीन. मला थांबवता आलं नाही. ऐकणारे कॉल तुटतो का तेवढंच बघतील असं वाटलं."

माझे डोळे भरून आले, मी काही लपवलं नाही.

"आता काय करायचं?" ग्लेन म्हणाला.

"आता वर जायचं," मी म्हटलं. "सगळ्यांनी. आणि खरं सांगायचं. खोटं सांभाळायला मला आणखी एक वही लागेल."

हॅलोरन मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. क्रेग आधीच येऊन बसला होता. ग्लेन म्हणाला, फोन मी लपवला. वेंडेल म्हणाला, मी घरी नेला. मी म्हटलं, तो बाहेर जाताना मी पाहिलं आणि लिहिलं नाही, आणि परत आला तेव्हा खूण केली नाही. मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे नियमाने तुम्हा तिघांनाही काढायला हवं," त्या म्हणाल्या.

"मग चाचणी रद्दच झाली!" क्रेग म्हणाला. "खोलीबाहेर केलेले कॉल!"

"गिऱ्हाईक तांब्याच्या खोलीत राहतं का, क्रेग?" मॅडम म्हणाल्या. "लावा सत्ताविसावा."

मारिसोलने लावला. भोंगा चढत गेला, उतरत गेला, आणि त्यावरून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, जवळच बसल्यासारखा.

"हॅलो, रूथ? अगं मी अल्मा... नाही, आज रविवार नाहीये, मला माहितेय... नाही गं, वेंडेल धरून उभा नाहीये. कोणीच धरलेलं नाही. माझे हात मांडीवर आहेत. हो! दोन्ही! ... अगं रडतेस काय अशी? बोल ना. मला तुझ्याशी बोलायचंय."

रेकॉर्डिंग संपली. क्रेगसुद्धा टेबलाकडे बघत होता. आणि एक सांगते, त्याला मी त्या दिवशी जास्तच पाण्यात पाहिलं. तोच पहिला बोलला.

"हेडसेट द्या," तो घसा खाकरून म्हणाला. "हेडसेटला माझी हरकत नाही. चित्रं नाही. संगणक जोडणं नाही. पण हे द्या."

मॅडमनी चाळीसही कॉल ऐकले. साडेपाच वाजले, सहा वाजले. मग सही केली. हेडसेट चालू, बाकी सगळं ब्लूटूथ कुलूपबंद, आणि बटण पडद्यावर परत. मारिसोल म्हणाली, अर्धीच भाकर मिळाली. मी म्हटलं, पोरी, आमच्याकडून अर्धीसुद्धा कोणाला मिळालेली मी अजून पाहिली नाही. वेंडेलला दोन आठवडे बिनपगारी घरी बसवलं, विमा चालू ठेवून. ग्लेनची साहेबी गेली आणि तो चाचणीच्या टेबलावर वेंडेलच्या शेजारी परत आला. मला एक कडक पत्र मिळालं. ते मी वहीतच चिकटवलंय, राहिलेल्या खुणेच्या पानावर.

पोर्टा ऑक्टोबरात दुकानात आला. पहिल्या रविवारी मी त्यांच्याकडे भोपळ्याची गोड पाई घेऊन गेले. वेंडेल बाहेर पायरीवर बसला होता, थंडीत, अंगात कोट न घालता.

"इथे काय करतोस? आत का नाही?"

"हाकललं," तो म्हणाला. इतकं तोंडभर हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "रूथचा फोन आलाय. अल्मा म्हणाली, जा बाहेर, आम्हाला तुझ्याबद्दल बोलायचंय."

मी त्याच्या शेजारी बसले. पाई कापायला सुरी नव्हती, म्हणून आम्ही हातानेच खाल्ली. आतून अल्माच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि तासभर झाला तरी तिने काही आम्हाला आत बोलावलं नाही.